जपानमधून जुनी मिनीव्हॅन : २५ वर्षांचा नियम आणि कुटुंबाचा हिशेब

महिन्याचा किराणा, दोन मुले आणि भारतातून आलेले आईवडील यांना घेऊन शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर जायचे, तर सेडान अपुरी पडते. मग टोयोटा सिएना किंवा होंडा ओडिसी यांचा विचार सुरू होतो. त्यांच्या किमती पाहिल्यावर जपानी लिलावांतील टोयोटा अल्फार्ड, निसान एल्ग्रँड किंवा होंडा स्टेपवॅगन खुणावू लागते. ती थेट मागवता येते का, हे प्रामुख्याने गाडीच्या वयावर ठरते.

कायदा काय सांगतो?

अमेरिकी सुरक्षा मानकांनुसार न बनलेली गाडी २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्वसामान्य ग्राहकाला आणता येत नाही. ही गणना उत्पादनाच्या महिन्यापासून होते, मॉडेलच्या वर्षापासून नव्हे. प्रदूषणविषयक सूट मूळ स्थितीतील गाडीला २१ वर्षांनंतर मिळते. मात्र तेवढ्याने भागत नाही. १९९७ मध्ये बाजारात आलेल्या एल्ग्रँडच्या सुरुवातीच्या गाड्या आज पात्र आहेत. अल्फार्ड २००२ मध्ये आली. त्यामुळे तिच्या पहिल्या गाड्यांनाही २०२७ उजाडावे लागेल. नियम डावलून आणलेली गाडी जप्त होऊ शकते.

कागदपत्रे आणि खर्च

जपानमधील नोंदणी रद्द झाल्याचे निर्यात प्रमाणपत्र, त्याचे इंग्रजी भाषांतर, खरेदीपावती आणि जहाजाची बिल ऑफ लेडिंग जपून ठेवावी. सीमाशुल्क विभागाकडे एचएस-७ आणि ३५२०-१ हे दोन अर्ज द्यावे लागतात. मोटारीवरील मूळ शुल्क २.५ टक्के आहे. परंतु २०२५ पासून अतिरिक्त शुल्कांचे नियम वारंवार बदलले आहेत. त्यामुळे पैसे पाठवण्यापूर्वी कस्टम्स ब्रोकरकडून लेखी अंदाज घ्यावा.

लिलावपत्रकाची मूळ प्रत मागावी आणि तिचे भाषांतर विक्रेत्याकडून नव्हे, स्वतंत्रपणे करून घ्यावे. ४ किंवा ४.५ ही श्रेणी सामान्यतः चांगली मानली जाते. ‘आर’ हे अक्षर अपघातानंतरच्या दुरुस्तीचे द्योतक असते.

कुटुंबासाठी खरी अडचण

जपानमध्ये वाहने डावीकडून चालतात. त्या काळातील पहिल्या पिढीच्या स्टेपवॅगनसारख्या गाड्यांना मागच्या प्रवाशांसाठी सरकते दार एकच, तेही डाव्या बाजूला असे. डेव्हनवर पदपथालगत गाडी लावली की हे दार वाहत्या रहदारीकडे उघडते. आजी आणि नातवंडे नेमकी त्याच बाजूने उतरणार.

दुसरा प्रश्न लहान मुलांच्या आसनांचा. ही आसने अडकवण्याचे खालचे हूक अमेरिकेत सप्टेंबर २००२ पासूनच्या नव्या गाड्यांत सक्तीचे झाले. त्याआधीच्या जपानी गाडीत ते असतीलच असे नाही.

जपानी चासी क्रमांक अमेरिकेतल्यासारखा १७ अक्षरांचा नसल्याने विमा कंपनीच्या संगणकात तो बसत नाही. शिकागो परिसरात १९९६ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना धूरचाचणी लागू आहे. विमा, चाचणी आणि नोंदणी या तिन्ही बाबींची चौकशी खरेदीआधीच करावी.

जवळचा पर्याय

नाव जपानी असले, तरी सध्याची सिएना इंडियानातील प्रिन्सटन येथे आणि ओडिसी अलाबामातील लिंकन येथे तयार होते. डावीकडचे स्टिअरिंग, दोन्ही बाजूंना सरकती दारे आणि सहज मिळणारे सुटे भाग हे त्यांचे मोठे फायदे. २०२१ पासूनची सिएना केवळ हायब्रिड आहे. तिच्या मुख्य बॅटरीची वॉरंटी १० वर्षे किंवा १,५०,००० मैल, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोवर असते आणि ती पुढील मालकालाही मिळते.

येथे जुनी गाडी घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. टायटलवर ‘सॅल्व्हेज’ वा ‘रीबिल्ट’ असा शेरा आहे का? केंद्रीय वाहतूक सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर तिचा रिकॉल प्रलंबित दिसतो का? आणि हिवाळ्यात रस्त्यांवर टाकल्या जाणाऱ्या मिठामुळे तळाला गंज चढला आहे का? गाडी लिफ्टवर चढवून स्वतंत्र मेकॅनिककडून तपासल्याशिवाय व्यवहार करू नये.

हौस म्हणून जपानी व्हॅन जरूर आणावी. मात्र रोज शाळेत मुले पोहोचवणारी आणि आईवडिलांना दवाखान्यात नेणारी गाडी एकच असेल, तर ती येथलीच घेणे शहाणपणाचे.