एकविसावा रकाना

२८ फेब्रुवारी २०२४. क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या फाल्कन सेन्सरची ७.११ आवृत्ती येते. घुसखोरी हेरणाऱ्या या सॉफ्टवेअरमध्ये एक नवा साचा आहे. साच्यात रकाने २१. त्याला माहिती पुरवणारा कोड पुरवतो २०.

५ मार्च. चाचणी पार पडते. चाचणीत एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ असं चिन्ह आहे, त्यामुळे तो वाचायची वेळच येत नाही. या साच्याचे नियम असलेली २९१ क्रमांकाची फाईल ग्राहकांकडे जाते. एप्रिलमध्ये आणखी तीन नियम जातात. तिथेही तेच चिन्ह.

शुक्रवार, १९ जुलै. दोन नवे नियम तयार आहेत. एकाला एकविसाव्या रकान्यातला मजकूर खरोखर हवा आहे. तपासणारा प्रोग्रॅमही २१ रकाने येणारच असं धरून चालतो. पास. मार्चपासून काही बिघडलं नव्हतं, हेही जमेस धरलं जातं.

सकाळी ९:३९, भारतीय वेळ. फाईल सुटते, सगळीकडे एकदम. आधी थोड्या संगणकांवर सोडून बघू, एवढाही धीर नाही.

फाईल पोचते तिथे सेन्सर ती उघडतो. यादी २० खणांची. तो एकविसाव्यात हात घालतो आणि तिथे जे पडलंय ते पत्ता समजून वाचायला जातो. सीएसव्हीच्या, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या फाईलच्या, ओळीत एक स्वल्पविराम कमी पडल्यावर होते तीच ही चूक. साधा प्रोग्रॅम एरर देऊन थांबला असता. हा सेन्सर विंडोजच्या गाभ्यात चालतो, त्यामुळे अख्खा संगणक कोसळतो. निळा पडदा. रीस्टार्ट. तीच फाईल. पुन्हा निळा पडदा.

१०:५७. कंपनी फाईल मागे घेते. ७८ मिनिटं झाली आहेत. पण जो संगणक धड सुरूच होत नाही, त्याच्यापर्यंत दुरुस्ती पोचणार कशी?

दुपार. अकासा एअरचं चेक-इन हाताने चालू आहे. इंडिगोचे बोर्डिंग पास पेनाने लिहिले जातायत. रिझर्व्ह बँक सांगते: १० बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ अडचण.

उपाय: प्रत्येक संगणकापाशी जायचं, तो सेफ मोडमध्ये सुरू करायचा, ड्रायव्हर्सच्या फोल्डरमधली ‘सी-०००००२९१’ने सुरू होणारी फाईल पुसायची. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर आधी ४८ आकडी किल्ली शोधायची.

२० जुलै. मायक्रोसॉफ्टचा अंदाज: ८५ लाख संगणक.

२५ जुलै. वाचण्याआधी यादीची लांबी मोजणारी तपासणी कोडमध्ये घातली जाते.