स्मिथ आणि लोहार : एका आडनावाची कुळकथा

इसवी सन १८१७ च्या नोव्हेंबर महिन्यात मराठी राज्याच्या भवितव्याचा निर्णय ज्या भूमीवर झाला, तीत आपल्या येरवड्याचाही अंतर्भाव होतो. ५ नोव्हेंबर रोजी खडकीची लढाई झाली. त्यानंतर आठच दिवसांनी, १३ नोव्हेंबर रोजी, इंग्रजांचे मोठे सैन्य तत्कालीन अहमदनगरच्या वाटेने पुण्यानजीक येऊन थडकले. १६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी त्या सैन्याची एक तुकडी येरवड्याजवळच्या उतारावरून मुळामुठा ओलांडू लागली, त्याच रात्री दुसऱ्या बाजीरावाने पुणे सोडले आणि दुसऱ्या दिवशी शहर इंग्रजांच्या हाती गेले. या सैन्याचा अधिपती होता जनरल लायोनेल स्मिथ. पुढे २० फेब्रुवारी १८१८ रोजी आष्टीच्या ज्या लढाईत सेनापती बापू गोखले धारातीर्थी पडले, त्या लढाईतही इंग्रजांचे नेतृत्व याच स्मिथकडे होते. त्या युद्धाची हकीकत वाचकांस विदित आहेच. प्रस्तुत लेखात आम्हांस विचार करावयाचा आहे तो त्या सेनापतीच्या आडनावाचा. कारण स्मिथ या शब्दाचा अर्थ आहे लोहार.

ज्या नावाने आपले आजोबा-पणजोबा गावात ओळखले जात, त्याच अर्थाचे नाव परदेशातील एक सेनापती निःसंकोचपणे मिरवीत होता. हे नाव तेथे कसे रुजले व एवढे का फोफावले, हे समजून घेणे आपल्या समाजाच्या दृष्टीने बोधप्रद होईल असे आम्हांस वाटते.

प्राचीन इंग्रजी भाषेत 'स्मिथ' म्हणजे धातूचे काम करणारा कारागीर. इसवी सन १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, त्या काळी तेथील सामान्य माणसास वंशपरंपरेचे आडनाव नव्हते. एकाच गावात एकाच नावाची चार माणसे असली, तर कोणास बापाच्या नावावरून, कोणास गावावरून, कोणास अंगलक्षणावरून, तर कोणास धंद्यावरून ओळखीत. पुढे जमिनीचे व करांचे कागद वाढले. १३७७, १३७९ आणि १३८१ या वर्षी तर प्रत्येक डोईमागे कर बसविण्यात आला. अशा कागदांत नोंदलेली ओळख हळूहळू मुलाकडे व नातवाकडे जाऊ लागली आणि चौदाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक इंग्रज घराण्यांची आडनावे स्थिर झाली. लोहाराचा मुलगा शेती करू लागला, नातू दुकान चालवू लागला, तरी नाव स्मिथच राहिले.

येथे एक शंका उपस्थित होते. त्या काळी इंग्लंडात शेतकऱ्यांची संख्या लोहारांच्या कितीतरी पट होती. असे असता सर्वांत अधिक प्रसार लोहाराच्या नावाचा का व्हावा? याचे उत्तर सोपे आहे. जेथे सारेच शेती करतात, तेथे शेतकरी म्हटल्याने कोणाचीच ओळख पटत नाही. लोहार मात्र गावात एखादाच असतो आणि त्याच्यावाचून कोणाचे चालत नाही. म्हणून गावोगावी एकेका घरास हे नाव पडले. अर्थात आजचे सर्व स्मिथ एका मूळपुरुषाचे वंशज नव्हेत. एकमेकांशी काडीचेही नाते नसलेल्या अनेक भट्ट्यांतून हे एकच नाव निपजले आहे. पुढे अमेरिकेत त्यात आणखी भर पडली. तेथे गेलेल्या अनेक जर्मन श्मिट घराण्यांनी आपले नाव स्मिथ असे करून घेतले आणि १८६५ साली गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कित्येक निग्रो कुटुंबांतही हेच आडनाव रूढ झाले. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत स्मिथ आडनावाची २४ लाख ४२ हजारांहून अधिक माणसे आढळली व सर्व आडनावांत त्याचा क्रमांक पहिला लागला.

ही केवळ इंग्रजांचीच गोष्ट नव्हे. जर्मनांचा श्मिट, फ्रेंचांचा लफेव्र, पोलंडचा कोवाल्स्की, रशियाचा कुझ्नेत्सोव्ह, हंगेरीचा कोवाच, अरबांचा हद्दाद आणि आपल्याच काश्मीरचा आहंगर या सर्वांच्या नावात लोहाराचीच ऐरण वाजते. पोर्तुगीजांबरोबर गोव्यात व वसईत आलेले फरेरा हे आडनावही लोखंडाच्या खाणीचे अथवा भट्टीचे नाते सांगते. ख्रिस्ती झालेल्या ज्या मराठी-कोकणी कुटुंबांनी ते धारण केले, त्यांचा त्या धंद्याशी संबंध असण्याचे कारण नव्हते. तरीही लोखंडाचे ते नाव त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले आहे.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्रातील जुन्या मोडी कागदांत 'अमुक बिन तमुक लोहार, मौजे अमुक' अशा धर्तीच्या नोंदी आढळतात. स्वतःचे नाव, बापाचे नाव, धंदा आणि गाव या चारही गोष्टी तीत येतात. इंग्लंडातील जुनी रीत याहून फारशी निराळी नव्हती. बारा बलुतेदारांत लोहाराचे स्थान महत्त्वाचे होते. नांगराचा फाळ, कुळवाची पास, विळा, खुरपे, कुऱ्हाड आणि गाडीच्या चाकाची धाव त्याच्या भट्टीतून निघे व त्याच्या मोबदल्यात सुगीच्या वेळी त्याला धान्याचे बलुते मिळे. पुढे इंग्रजी अमदानीत शाळा, कचेऱ्या व न्यायालये यांच्या दप्तरांत प्रत्येकास ठराविक आडनाव लावावे लागले. तेव्हा आपल्यापैकी काही घराण्यांनी लोहार हेच नाव कायम केले, काहींनी पांचाळ म्हणवून घेतले, काहींनी पवार, चव्हाण, साळुंखे अशी कुळांची नावे लाविली, तर काहींनी गावाच्या नावास 'कर' हा प्रत्यय जोडला.

मूळ रीत सारखी असूनही दोन देशांत फळ वेगळे का आले? आमच्या मते याचे कारण असे, की तिकडे धंदा सुटला आणि नाव उरले. त्यामुळे नावाला कोणतेही ओझे राहिले नाही. इकडे धंदा, जात आणि पायरी यांची गाठ एकाच शब्दात मारली गेली. लोहार म्हणताच ऐकणारा माणसाची पायरी ठरवू लागे. वस्तुतः कामावरून पडलेली आडनावे महाराष्ट्रास वावडी नाहीत. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, फडणीस ही सर्व कामाचीच नावे होत. पाटील तर गावोगाव भेटतात. वतने कायद्याने गेली, तरी ही नावे अभिमानाने टिकून आहेत. याचा अर्थ इतकाच, की अधिकाराच्या कामास मान मिळाला आणि हाताच्या कामास तो मिळाला नाही.

या संदर्भात आणखी एका स्मिथचे स्मरण होते. अर्थशास्त्राचा जनक मानला जाणारा ॲडम स्मिथ याने १७७६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथाच्या आरंभीच श्रमविभागणीचा विचार मांडला आहे. तो सांगतो, की खिळ्यांची सवय नसलेला लोहार दिवसाकाठी दोन-तीनशे खिळे कसेबसे घडवील. परंतु लहानपणापासून तेच काम केलेली, वयाची विशी न गाठलेली मुले २,३०० हून अधिक खिळे घडविताना त्याने स्वतः पाहिली होती. राष्ट्राच्या संपत्तीचा विचार करताना या विद्वानास लोहाराच्या भट्टीकडे पाहण्यात कमीपणा वाटला नाही.

आज आपल्या समाजातील कित्येक तरुण राजपत्रात जाहिरात देऊन आडनाव बदलून घेतात. त्यांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. नावामुळे ज्यांना शाळेत वा नोकरीत अवहेलना सोसावी लागली, त्यांचे दुःख त्यांनाच ठाऊक. तथापि एक व्यावहारिक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. इतर मागासवर्गीयांच्या दाखल्यासाठी व त्याच्या पडताळणीसाठी जुने पुरावे, विशेषतः १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे, मागितले जातात. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यात वा गावच्या कोतवाल बुकात 'लोहार' असे लिहिलेले असते आणि नातवाचे आडनाव निराळेच असते. मग दोहोंचे नाते सिद्ध करताना मुलाच्या प्रवेशाची मुदत टळून जाते.

म्हणून समाजबांधवांस आमची नम्र सूचना आहे, की आडनाव कोणतेही लावा. परंतु प्रत्येक घराने आपली वंशावळ लिहून काढावी. तीत मूळ गाव, जुने नाव, ते कधी व का बदलले आणि कोणत्या पिढीपर्यंत भाता चालत होता, हे नमूद करावे. राजपत्राची प्रत व जुने दाखले तिच्यासोबत जपून ठेवावेत. घरातील वृद्ध मंडळी हयात आहेत तोवरच हे कार्य होण्यासारखे आहे. आणि ज्या घरांनी लोहार हे नाव आजवर टिकविले आहे, त्यांच्या मुलांस एवढे अवश्य सांगावे, की याच अर्थाचे नाव जगात लाखो माणसे ताठ मानेने लावतात. ते लपविण्याचे आपणांस काही कारण नाही.