तांब्याची केबल की फायबर? निर्णय अंतराचा, विजेचा आणि दुरुस्तीचा

तेलंगणातील आदिलाबादहून उटनूरकडे जाणाऱ्या मार्गावर इंद्रवेल्ली हे मंडल मुख्यालय आहे. गोंड, कोलाम, बंजारा आणि मराठी भाषक अशी तेथील मिश्र वस्ती. पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते ते केसलापूर याच मंडलात येते. २० एप्रिल १९८१ रोजी जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या गोंडांवर येथेच पोलीस गोळीबार झाला आणि अधिकृत आकड्यानुसार १३ जण मृत्युमुखी पडले. ज्या जमिनीसाठी ते जमले होते, तसल्या जमिनीची नोंद आज संगणकावर पाहावी लागते. दाखले, निवृत्तिवेतन, शिधावाटप हेही नेटवर्कवरच अवलंबून आहे. जोडणी तुटली, की डोंगरातील गुड्यावरून आलेला माणूस हात हलवीत परततो. सत्तरी किंवा सांगे तालुक्यातील वाचकाला हा अनुभव परका वाटणार नाही. त्यामुळे अशा ठिकाणी कोणती केबल टाकावी, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांवर सोडून देण्याजोगा नाही.

गावापर्यंतच्या टप्प्याचा निर्णय आता बहुधा झालेला असतो. केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केलेली राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर योजना, म्हणजे आजचे भारतनेट, ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्यासाठीच आहे. तेलंगणाने त्यात एक शहाणपणाची भर घातली. मिशन भगीरथ या पेयजल योजनेच्या जलवाहिन्यांसाठी चर खोदतानाच त्यांत फायबरसाठी नळ्या टाकण्याचे ठरविले. फायबरच्या कामात केबलपेक्षा खोदाईच महाग पडते, हे ओळखून केलेली ही योजना होती. विजेच्या खांबांवर लोंबकळणाऱ्या केबलींचा प्रश्न पाहिलेल्या गोमंतकीयांना तिचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

खरा निर्णय त्यापुढे, आवारात आणि इमारतीत करावा लागतो. समजा, एखाद्या आश्रमशाळेत कार्यालय, वर्गखोल्या आणि वसतिगृह अशा तीन इमारती आहेत व कार्यालयापासून वसतिगृह १४० मीटरवर आहे. येथे तांबे पहिल्याच कसोटीत बाद होते. इथरनेटच्या तांब्याच्या केबलची मर्यादा, दोन्ही टोकांच्या जोडतारांसह, १०० मीटर आहे. मध्ये स्विच बसवून ती वाढविता येते. पण मग उघड्या आवारात त्या स्विचसाठी वीज, पेटी आणि पावसापासून आडोसा हे तिन्ही आले.

अंतर ८० मीटर असते तरीही दोन इमारतींमध्ये तांबे टाकू नये. कारण वळवाच्या विजा. जवळपास वीज कोसळली, की तिने निर्माण केलेला दाब धातूच्या तारेतून दोन्ही टोकांच्या उपकरणांत शिरतो. शिवाय दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक असल्यास तारेतून नको तो प्रवाह वाहतो. फायबरमधून जातो तो प्रकाश. काच वीज वाहून नेत नाही. मात्र उंदीर आणि कुदळ यांपासून रक्षणासाठी पोलादी कवचाची फायबर केबल घेतली, तर त्या कवचाचे अर्थिंग करावेच लागते. हा तपशील अनेकदा विसरला जातो.

फायबर घ्यायची तर सिंगल-मोड घ्यावी. तिचा प्रकाशवाही गाभा सुमारे ९ मायक्रॉन, तर मल्टिमोडचा ५० मायक्रॉन. मल्टिमोडच्या ओएम-३ प्रकारात १० गिगाबिट वेग ३०० मीटरपर्यंतच मिळतो. सिंगल-मोड तोच वेग कित्येक किलोमीटर नेते. काचेच्या या सामर्थ्यामागे मोठे संशोधन आहे. चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये शुद्ध काचेतून दूरवर संदेश नेणे शक्य असल्याचे दाखविले. २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. १९७० मध्ये कॉर्निंग कंपनीने जो तंतू यशस्वी ठरविला, त्यातून एक किलोमीटरनंतर सुमारे दोन टक्के प्रकाश उरत असे. आजच्या चांगल्या तंतूत, योग्य तरंगलांबीवर, सुमारे १५ किलोमीटरनंतरही निम्मा उरतो.

इमारतीच्या आत मात्र पारडे तांब्याकडे झुकते. कॅट-६ केबलवर १ गिगाबिट वेग पूर्ण १०० मीटरपर्यंत मिळतो आणि शाळा-कार्यालयाला तो पुरेसा आहे. (१० गिगाबिट हवे असल्यास कॅट-६ सुमारे ५५ मीटरपर्यंतच चालते, त्यापुढे कॅट-६ए लागते.) तांब्याचा मोठा गुण असा, की ते माहितीबरोबर वीजही नेते. छतावरील वायफाय यंत्र किंवा कॅमेरा यांना वेगळा प्लग लागत नाही. २००३ च्या मानकानुसार स्विचकडून १५.४ वॅट, २००९ च्या मानकानुसार ३० वॅट वीज त्याच केबलमधून मिळते. काचेला हे जमत नाही.

बाजारातील फसवणूकही तांब्यातच अधिक. स्वस्त केबलमध्ये पुष्कळदा ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा असतो. तिचा विद्युत्-रोध जास्त, त्यामुळे वीज नेताना ती तापते; वाकविल्यावर लवकर तुटतेही. परीक्षा सोपी आहे. तार ब्लेडने खरवडावी. आत पांढरी चकाकी दिसली, तर माल परत करावा.

फायबरची अडचण दुरुस्तीची. तांब्याची तुटलेली जोडणी क्रिम्पिंगच्या पकडीने गावातला इलेक्ट्रिशियनही पुन्हा बसवू शकतो. तुटलेला काचतंतू सांधायला स्प्लायसिंग यंत्र आणि ते चालविणारा कारागीर जिल्ह्याच्या ठिकाणाहून बोलवावा लागतो. म्हणून दोन तंतूंचे काम असेल तेथे सहा तंतूंची केबल टाकावी आणि दोन्ही टोकांना काही मीटरचे वेटोळे राखून ठेवावे. कारागीर येईपर्यंत राखीव तंतूवर जोडणी हलविता येते. सगळी केबलच तुटली, तर अर्थात थांबावे लागते. फायबरच्या उघड्या टोकात डोळा लावून पाहू नये. आतील लेसर अदृश्य असतो, पण डोळ्याला इजा करू शकतो.

आणखी एक गोष्ट कंत्राटदार सहसा सांगत नाहीत. जुन्या लँडलाइन दूरध्वनीला तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजचीच वीज मिळे, म्हणून दिवे गेले तरी तो वाजत असे. फायबरच्या टोकाचे यंत्र वीज गेली की बंद पडते. त्यामुळे प्रत्येक इमारतीतील फायबरचे यंत्र आणि स्विच यांना बॅटरीचा आधार अंदाजपत्रकातच धरावा. काम संपल्यावर प्रत्येक तंतूच्या चाचणीचा अहवाल आणि केबल कोठून कशी गेली याचा नकाशा कंत्राटदाराकडून लेखी घ्यावा व त्यानंतरच शेवटचे बिल मंजूर करावे.