कोळसा : भट्टीतला आणि साच्यातला

बकरी ईद जवळ आली की अलीकडे पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या मोहल्ल्यांत एक नवा वाद ऐकू येतो. सीख कबाबासाठी वखारीतला लाकडी कोळसा आणायचा, की मॉलमध्ये मिळणाऱ्या, साच्यातून काढलेल्या ब्रिकेट? तरुण मंडळी ब्रिकेटच्या बाजूची. हात काळे होत नाहीत, सगळ्या वड्या एका मापाच्या, आच शेवटपर्यंत सारखी. वडीलधारे म्हणतात, तो कोळसाच नव्हे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. आम्हाला मात्र या वादात चवीहून दुसरा एक प्रश्न मोठा वाटतो. हा कोळसा कोणत्या झाडाचा आणि कोणाच्या हातचा, हे विचारणे आपण केव्हा सोडले?

चाकणला कोळशाची पारख नवी नाही. जून १६६० मध्ये शाएस्ताखानाने चाकणच्या भुईकोटाला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्यांनी किल्ला जवळजवळ दोन महिने लढवला. ऑगस्टमध्ये बुरुजाखाली सुरुंग उडवला, तेव्हा कुठे तो पडला. सुरुंगात दारू, आणि दारूत सोरा, गंधक व कोळसा. शाळेच्या पुस्तकात वेढा असतो, कोळसा नसतो. आपल्या देशात दारूसाठी वाटेल तो कोळसा वापरीत नसत. बाभळीचा जड कोळसा लोहाराच्या भात्यापुढे उत्तम. दारूला तुरीच्या काड्या, रुई अशा हलक्या लाकडाचा कोळसा लागे, कारण तो चटकन पेट घेतो. काम पाहून कोळसा आणि कोळसा पाहून झाड, असा हा हिशेब होता.

सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना भट्टी लावणारे हात बहुतेक कातकऱ्यांचे. खैराच्या लाकडापासून कात काढणारे, म्हणून कातकरी. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर राने राखीव होत गेली, खैर तोडणे गुन्हा ठरू लागले आणि पिढीजात धंदा हातून सुटत गेला. मुंबई-पुण्याच्या चुलींना मात्र कोळसा हवाच होता. व्यापाऱ्याने रान विकत घ्यायचे आणि कातकऱ्याने त्याच्यासाठी तोडून जाळायचे, अशी रीत पडली.

भट्टी म्हणजे नुसते लाकूड पेटवणे नव्हे. ओंडके रचायचे, त्यावर पाला-गवत, त्यावर मातीचा लेप. हवेला बारीक भोके ठेवून आतून विस्तव द्यायचा. आधी दाट पांढरा धूर येतो, तो लाकडातल्या पाण्याचा. मग पिवळसर, कडू. धूर पातळ निळा झाला की भोके बुजवायची. थोडे आधी बुजवले तर लाकूड अर्धे कच्चे राहते, उशीर झाला तर सगळी राख. म्हणून भट्टीपाशी रात्रंदिवस कुणीतरी जागे लागते, आणि कुठे लेप फुटला तर त्या धगीवर चढून माती थापावी लागते. इतके करून पाच ते आठ किलो लाकडातून जेमतेम एक किलो कोळसा हाती लागतो.

या कामाचा व्यवहार उचलीवर चालतो. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा ठेकेदार उचल देतो. दिवाळीनंतर नवरा, बायको, पोरे सगळी भट्टीवर जातात. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो आणि पुष्कळदा काही रक्कम अंगावरच राहते, ती फेडायला पुढच्या वर्षी पुन्हा तीच भट्टी. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ चा आहे. महाराष्ट्रातल्या अतिमागास मानलेल्या तीन आदिवासी जमातींत कातकरी आजही आहेत, आणि त्यांच्या वाड्या मावळ, मुळशी, खेड तालुक्यांत, म्हणजे आपल्या कारखान्यांच्या कुंपणापलीकडेच आहेत.

आता ब्रिकेटकडे वळू. तिला विलायती म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी आपल्या आजीची शेगडी आठवावी. वखारीतून आणलेल्या पोत्याच्या तळाशी भुकटी उरे. ती शेणात कालवून गोळे वळायचे आणि उन्हात वाळवायचे. हुक्क्याचे गुलही भुकटी बांधूनच केलेले. हीच ब्रिकेट, फक्त साचा हाताचा. अमेरिकेत एल्सवर्थ झ्वॉयरने १८९७ मध्ये तिचे पेटंट घेतले, पण ती घरोघरी नेली मोटारवाल्याने. हेन्री फोर्डच्या गाड्यांत तेव्हा लाकूड बरेच लागे. मिशिगनमधल्या त्याच्या लाकूड कारखान्यात उरणाऱ्या तुकड्यांचा कोळसा करून, तो दळून, स्टार्चने बांधून वड्या पाडण्याचा कारखाना त्याने १९२० च्या दशकात काढला. त्या वड्या फोर्डचेच मोटारविक्रेते विकत.

मोटारींचा पट्टा आपलाही आहे. यंत्रे आणि सुटे भाग ज्या लाकडी खोक्यांतून, पॅलेटांवरून येतात, त्यांचे लाकूड भंगारात जाते. कुदळवाडी-चिखलीची भंगार गोदामे यासाठीच प्रसिद्ध होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये पालिकेने तिथली हजारो बांधकामे पाडली, आणि त्यांत आपल्या समाजातल्या भंगारवाल्यांचे संसार पुष्कळ होते. तो विषय स्वतंत्र लेखाचा. इथे एवढेच सांगायचे की फोर्डने जे केले ते घरच्या घरी करू नये. परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या पॅलेटवर शिक्का असतो. ‘एचटी’ म्हणजे लाकूड तापवून कीड मारलेली, ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूने. रंग, तेल, खिळे वेगळेच. असले लाकूड कबाबाखाली घालण्याच्या लायकीचे नाही.

दुसरा घोटाळा नावाचा. औद्योगिक पट्ट्यात ‘ब्रिकेट’ म्हटले की बॉयलरवाल्यांपुढे वेगळीच वस्तू येते. भुसा, उसाचे चिपाड, शेंगांची टरफले दाबून केलेले जाड दांडके, ज्याला पांढरा कोळसा म्हणतात. त्याची भट्टी झालेलीच नसते. ते लाकडासारखे धुरते. स्वस्त मिळाले म्हणून आणले, तर मटण धुरकटून कडू होईल. खाण्यासाठीची ब्रिकेट कोळशाचीच हवी. त्यातही नारळाच्या करवंटीची चांगली: वास नाही, राख बेताची, आणि कुणाचे रान तोडावे लागत नाही.

अखंड लाकडी कोळसा आज बहुतेक वेड्या बाभळीचा येतो. हे झाड इथले नव्हे, अमेरिका खंडातले. कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात वनखात्याने ते १९६१ च्या सुमारास, खारे वाळवंट रोखायला मुद्दाम पेरले. तिथल्या मालधारी पशुपालकांची, जे बहुतांशी मुसलमान आहेत, गुरांची कुरणे त्याने गिळली. पुढे त्यांच्यातलेच अनेक जण त्याचा कोळसा पाडून पोट भरू लागले. सोलापूर, नगरकडच्या दुष्काळी माळांवरही हीच बाभूळ माजली आहे आणि तिच्या भट्ट्यांवर घाटाखालून गेलेले कातकरी दिसतात. तेव्हा लाकडी कोळसा घेतला म्हणजे सह्याद्रीचे रान तुटलेच, असे आता म्हणता येत नाही. माणसाचा प्रश्न मात्र जिथे होता तिथेच आहे.

आमचे मत विचाराल तर सीख कबाबाला लाकडी कोळसा. तो लवकर पेटतो, कडक आच देतो, आणि पातळ थापलेल्या खिम्याला तेच हवे असते. चांगला तुकडा दुसऱ्यावर आपटला की धातूसारखा खणखणतो. बद्द वाजला तर कच्चा किंवा ओला समजावा. धुंगार द्यायलाही हाच. निखाऱ्यावर तूप सोडल्यावर ब्रिकेटमधल्या स्टार्चचा वास मटणात उतरला तर सगळी मेहनत वाया. अख्खी रान मात्र दोन-तीन तास मंद शिजवायची, तिथे करवंटीची ब्रिकेट बरी. दोन्हींपैकी काहीही घ्या, बंद फ्लॅटमध्ये किंवा काचा लावलेल्या बाल्कनीत पेटवू नका. धूर दिसत नसला तरी निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत असतो, आणि त्याला वास नसतो.

ब्रिकेटच्या खोक्यावर कंपनीचे नाव असते, झाडाचे क्वचितच. वखारीत निदान विचारता येते: माल कुठला, बाभूळ कुठली, भट्टी कोणी लावली? वखारवाला आधी चमकतो, मग बहुधा सांगतो. गेली काही वर्षे बकरी ईद मे-जूनमध्ये येते आहे. भट्ट्या थंड करून कातकरी कुटुंबे हिशेबाला बसतात आणि वाडीवर परततात, तेही याच दिवसांत.