स्टीअरिंगमधील ‘प्ले’: आधी निदान, मग पाना

कळवा : पावसाळा सुरू झाला की मुरबाड, माळशेज, शहापूर परिसरातील कच्च्या वाटा ठाणे-कळवा भागातील जीपमालकांना खुणावू लागतात. चिखल, ओढे आणि दगडधोंडे तुडवणाऱ्या या गाड्यांचा खरा कस मात्र परतीच्या डांबरी रस्त्यावर लागतो. कल्याण-शीळ रस्त्याने येऊन मुंब्रा बाह्यवळणाला लागले की, उरणच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून भिवंडी आणि नाशिककडे जाणाऱ्या कंटेनरची रांग सोबतीला असते. अशा वेळी स्टीअरिंग सरळ धरूनही गाडी कधी डावीकडे, कधी उजवीकडे सरकू लागली, तर चालकाच्या तळहाताला घाम फुटणे साहजिकच आहे.

या दोषावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे स्टीअरिंग बॉक्सवरील स्क्रू आवळणे. पाच मिनिटांचे काम, खर्चही जवळपास नाही. परंतु अनेकदा दोष बॉक्समध्ये नसतोच. तो असतो झिजलेल्या सांध्यात, सैल झालेल्या बेअरिंगमध्ये किंवा नंतर बसवलेल्या उंच शॅकलमध्ये. अशा वेळी स्क्रू आवळल्याने मूळ दोष झाकला जातो आणि त्यात नव्या दोषाची भर पडते. म्हणूनच पाना हाती घेण्यापूर्वी निदान आवश्यक ठरते.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ स्टीअरिंगविषयी आहे. स्टीअरिंग चाकावरील मोकळी हालचाल, म्हणजेच बोलीभाषेतील ‘प्ले’, ३० अंशांपेक्षा अधिक असता कामा नये, स्टीअरिंगच्या दांड्या जोडणाऱ्या बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असाव्यात आणि बोल्ट वा पिनांनी केलेल्या जोडण्या पक्क्या ‘लॉक’ केलेल्या असाव्यात, असे हा नियम सांगतो. खासगी वाहनाच्या नोंदणीची मुदत १५ वर्षांची असते. त्यानंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना गाडीची तपासणी होते. जुन्या जीप आणि जिप्सींच्या मालकांना त्यामुळे हा नियम ठाऊक असलेला बरा.

३० अंश ही मर्यादा प्रत्यक्षात किती मोठी आहे, हे साध्या गणिताने कळते. सुमारे ४० सेंटीमीटर व्यासाच्या स्टीअरिंग चाकाच्या कडेवर ३० अंश म्हणजे जवळपास १० सेंटीमीटर. इतका प्ले असलेली गाडी कागदोपत्री नियमात बसेल. पण महामार्गावर ती सुरक्षित आहे, असे कुणी म्हणणार नाही. बॉक्सच्या जुन्या पद्धतीच्या स्टीअरिंगमध्ये कडेवर दोन-अडीच सेंटीमीटरपर्यंतची हालचाल सामान्य समजली जाते. ती त्यापलीकडे गेली की कारण शोधावे.

दोष एक नव्हे, तीन

‘स्टीअरिंग ढिले झाले’ या एकाच तक्रारीत बहुधा तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. स्टीअरिंग थोडे फिरवूनही चाके हलत नसतील, तर तो प्ले. सांध्यांत प्ले नसूनही गाडी आपली रेघ धरत नसेल, सतत सावरावी लागत असेल, तर ते भरकटणे. खड्ड्यातून गेल्यावर पुढची चाके जोराने थरथरू लागत असतील आणि वेग कमी केल्याशिवाय थांबत नसतील, तर तो तिसरा प्रकार. प्ले हा झिजेचा परिणाम असतो. भरकटण्याचे मूळ बहुतेक वेळा टायर, चाकांचे कोन किंवा वाजवीपेक्षा घट्ट झालेले भाग यांत सापडते. थरथर मात्र या सर्वांच्या संगनमताने होते.

यंत्रणेची साखळी

महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगाव येथे विलीज जीपची जुळणी सुरू केली. विलीजच्या १९५३ च्या सीजे-३बी या उंच बॉनेटच्या नमुन्यावर बेतलेल्या जीप पुढे कित्येक दशके भारतीय रस्त्यांवर धावल्या. मारुतीची जिप्सी १९८५ मध्ये आली. या दोन्ही गाड्यांत पुढे अखंड अ‍ॅक्सल आणि पाट्यांचे सस्पेन्शन आहे. चालकाच्या हातातील हालचाल स्टीअरिंग शाफ्टमधून बॉक्समध्ये, तेथून ड्रॉप आर्मला, मग ड्रॅग लिंक आणि टाय रॉडमार्फत चाकांच्या नकलपर्यंत पोहोचते. विलीज पद्धतीच्या जुन्या जीपमध्ये या साखळीत बेल क्रँक नावाची आणखी एक कडी असते. चासीच्या पुढच्या आडव्या पट्टीवर ती एका पिनेभोवती फिरते. ही पिन झिजली की बाकी सारे नवे असूनही स्टीअरिंग सैल लागते.

२०१० पासूनच्या ‘थार सीआरडीई’त आणि २०२० च्या नव्या थारमध्ये पुढचे सस्पेन्शन स्वतंत्र आहे. तेथे किंग पिनऐवजी बॉल जॉइंट तपासावे लागतात. २०२३ मध्ये भारतात आलेल्या जिम्नीत पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आहेत, मात्र अ‍ॅक्सल अखंडच आहे. गाडी कोणतीही असो, तत्त्व एकच : साखळीच्या प्रत्येक कडीत थोडी झीज असली, तरी चालकाच्या हाती त्यांची बेरीज येते.

तपासणीचा क्रम

सुरुवात सर्वात स्वस्त गोष्टीपासून करावी. चिखल किंवा वाळूत पकड मिळावी म्हणून टायरमधील हवा १५ ते २० पीएसआयपर्यंत उतरवली जाते. ती पुन्हा न भरता डांबरी रस्त्याला लागलेली गाडी भरकटणारच. चारही टायरची हवा उत्पादकाने सांगितलेल्या दाबाइतकी करावी, एकाच अ‍ॅक्सलवर वेगवेगळ्या आकाराचे वा झिजेचे टायर नाहीत ना, हे पाहावे आणि मगच पुढे जावे.

दुसरी पायरी दोन माणसांची आहे. गाडी सपाट जागेवर, चाके सरळ आणि हँडब्रेक लावलेला असावा. एकाने चालकाच्या जागी बसून स्टीअरिंग थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे असे सतत हलवावे. साध्या स्टीअरिंगसाठी इंजिन बंद ठेवावे. पॉवर स्टीअरिंग असेल तर ते चालू ठेवावे लागते. त्या वेळी गाडी न्यूट्रलमध्ये हवी आणि मागच्या चाकांना दगड वा ठोकळे लावलेले हवेत. दुसऱ्याने बॉनेट उघडून आणि मग गाडीखालून साखळीची एकेक कडी पाहावी. हालचाल एका बाजूने आत येते, पण दुसऱ्या बाजूने बाहेर पडत नाही, ती कडी झिजलेली. डोळ्यांना न दिसणारा प्ले सांध्यावर हात ठेवल्यावर बोटांना जाणवतो. शाफ्टवरील युनिव्हर्सल जॉइंट, चासीला बॉक्स धरून ठेवणारे बोल्ट, त्या बोल्टांभोवती पडलेली चीर, बेल क्रँकची पिन आणि टाय रॉडची टोके यांकडे विशेष लक्ष द्यावे. बॉक्सच चासीवर हलत असेल, तर आतला स्क्रू कितीही आवळला तरी उपयोग शून्य.

तिसऱ्या पायरीत पुढचे चाक उचलावे लागते. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. अ‍ॅक्सलखाली भक्कम स्टँड लावावा. चाक वर आणि खाली धरून आतबाहेर हलवून पाहावे. ते हलत असेल, तर साथीदाराला ब्रेक दाबण्यास सांगून पुन्हा हलवावे. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला, तर दोष व्हील बेअरिंगचा. तसाच राहिला, तर किंग पिन बेअरिंगचा. त्यानंतर चाक डावीकडे-उजवीकडे धरून हलवल्यास टाय रॉडच्या टोकांची अवस्था कळते.

ओढ्यातून वा साचलेल्या पाण्यातून गेलेल्या गाड्यांत याच भागांतील ग्रीस धुऊन निघते आणि सील जुने असल्यास पाणी आत साठते. कळव्यासारख्या खाडीकाठच्या गावात खाऱ्या हवेने पाट्यांच्या शॅकलचे बोल्टही गंजतात. बुश झिजले किंवा यू-बोल्ट सैल झाले की संपूर्ण अ‍ॅक्सलच पाट्यांवर किंचित सरकतो आणि सारी दांडी-साखळी घट्ट असूनही गाडी भरकटते. चौथी पायरी म्हणून पाटे, बुश आणि यू-बोल्ट पाहणे त्यामुळे गरजेचे असते.

काय बदलावे, काय आवळावे?

टाय रॉडचे झिजलेले टोक दुरुस्त होत नाही, ते बदलावेच लागते. रबरी टोपी फाटली असेल, तर आत धूळ-पाणी शिरून नवे टोकही लवकर जाते. जुन्या जीपच्या ड्रॅग लिंकमध्ये मात्र सांध्याची गोळी स्प्रिंग आणि आटे असलेल्या बुचाने धरलेली असते. ते बूच आवळून थोडा प्ले काढता येतो. आवळल्यानंतर स्प्लिट पिन नवी घालण्यास विसरू नये. किंग पिन बेअरिंग चांगले असून केवळ सैल झाले असेल, तर टोपीखालचे पातळ शिम कमी करून ते घट्ट करतात. येथेही अतिरेक नको. किंग पिन फार घट्ट झाली की वळणानंतर चाके आपोआप सरळ होत नाहीत आणि गाडी पुन्हा भरकटू लागते.

बॉक्सची पाळी शेवटी

वरील सर्व कड्या घट्ट असूनही प्ले राहिला, तरच बॉक्सकडे वळावे. प्रथम त्यातील तेल वा ग्रीसची पातळी पाहावी. बॉक्सची रचना अशी असते, की चाके सरळ असताना आतील दात वा पिना सर्वात घट्ट बसतात आणि दोन्ही टोकांना थोड्या मोकळ्या होतात. गाडी बहुतांश वेळ सरळ चालते, म्हणून झीजही मध्यभागीच होते.

त्यामुळे ही जुळवणी चाके सरळ ठेवून आणि शक्यतो ड्रॅग लिंक सोडवून करावी. लॉक नट सैल करून स्क्रू अगदी थोडा फिरवावा, नट पुन्हा आवळावा आणि स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहावे. कोठेही ते अडकता कामा नये. मध्यभाग फार झिजलेल्या बॉक्सचा सारा प्ले स्क्रूनेच काढण्याचा हट्ट धरला, तर घाटातील वळणावर स्टीअरिंग जड होते आणि सोडल्यावर परत येत नाही. माळशेजसारख्या घाटात हा दोष मूळ प्लेपेक्षा अधिक घातक ठरतो. असा बॉक्स उघडून दुरुस्त करणे किंवा बदलणे हाच मार्ग.

उंची वाढवलेल्या गाड्या

सांध्यांत दोष नसूनही गाडी भरकटते तेव्हा कोन तपासावेत. यातील सर्वात महत्त्वाचा कॅस्टर. किंग पिनचा माथा किंचित मागे कललेला असतो, म्हणून चाक सायकलच्या पुढच्या चाकाप्रमाणे स्वतःहून सरळ राहू पाहते. विलीजच्या जुन्या जीपसाठी हा कोन ३ अंश आणि दोन्ही चाकांची आतली ओढ, म्हणजे टो-इन, साधारण १.२ ते २.४ मिलिमीटर सांगितलेली आहे. टो-इन घरीही मोजता येतो. दोन्ही पुढच्या टायरच्या मधोमध खडूची रेघ मारून पुढचे आणि मागचे अंतर टेपने मोजावे. पुढचे अंतर तेवढेच कमी भरायला हवे.

शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असलेल्या गाडीत लांब शॅकल बसवून उंची वाढवली, की पुढचा अ‍ॅक्सल पुढे कलतो आणि कॅस्टर घटतो. कॉइल स्प्रिंगच्या जिम्नीतही उंच स्प्रिंग बसवल्यास कॅस्टर कमीच होतो. पाट्याखाली पाचरीच्या आकाराची पट्टी किंवा कॅस्टर सुधारणारे बुश बसवून तो परत आणता येतो. उंचीमुळे ड्रॅग लिंकही तिरकी होते आणि प्रत्येक खड्ड्यात गाडी एका बाजूला झटका देते. येथे कायद्याचाही प्रश्न येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका अधोरेखित केली आहे.

डँपर हे औषध नव्हे

थरथरीवर अनेकदा स्टीअरिंग डँपर बसवला जातो. जिम्नीत तो कंपनीकडूनच येतो आणि खड्ड्यांचे धक्के शोषण्यापुरता तो उपयुक्तही आहे. परंतु झिजलेली किंग पिन, असंतुलित चाके किंवा सैल बुश यांची थरथर डँपरने केवळ दडपली जाते. काही महिन्यांनी ती पुन्हा डोके वर काढते, आणि तोपर्यंत इतर सांधेही झिजलेले असतात.

दुरुस्तीनंतर गाडी थेट महामार्गावर नेऊ नये. मोकळ्या रस्त्यावर आधी कमी वेगात आणि मग हळूहळू वेग वाढवत चाचणी घ्यावी. वळणानंतर स्टीअरिंग आपोआप परत येते का, ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते का, हे पाहावे. काही दिवसांनी सर्व नट आणि स्प्लिट पिना पुन्हा तपासाव्यात. पाण्यातून जाऊन आल्यावर प्रत्येक ग्रीस निपलला ग्रीस गन लावण्याची सवय ठेवली, तर बॉक्सवरील त्या स्क्रूला हात लावण्याची वेळ फार क्वचित येते.