तळटीप १४ : गांकोगुई
घाना-टोगोमधल्या एवे लोकांची लोखंडी जोडघंटा. आत लोलक नाही, काठीने ठोकायची. मोठी घंटा खर्जाची. धाकटी तिच्या पोटाशी, आईच्या कुशीत लेकरू असावे तशी. लेखकाने हिला ‘साथीचे वाद्य’ म्हटले आहे, ते पटत नाही. आगबेकोर नृत्यात ढोल कितीही उसळोत, १२ मात्रांतले हिचे ७ ठोके ढळत नाहीत. बाकीचे सारे हिच्यावरच कान ठेवून वाजवतात. हिचीच बहीण शोभावी अशी योरुबांची आगोगो ही घंटा गुलामांबरोबर ब्राझीलला गेली आणि कांदोंब्लेच्या पूजेतून सांबात शिरली. रिओच्या इंपेरिओ सेरानो या सांबा-मंडळाची तर ती ओळखच झाली. हल्लीच्या कारखानी आगोगोत वाकवलेल्या सळईच्या टोकांना दोन शंकू असतात. सळई मुठीत दाबली की ते एकमेकांवर आपटून ‘टक्’ वाजतात. गांकोगुईच्या घंटा मुळातच सांधलेल्या, त्यामुळे तिथे ही गंमत नाही.