गिअर हातातून पायात कसा गेला?

आजचा एपिसोड गिअरवर आहे. हसू नका. पुण्यात गाडी कोण चालवणार आणि मागे कोण बसणार, हे बरीच वर्षं या गिअरनेच ठरवलंय.

सुरुवात आकुर्डीपासून करू. बजाज आधी इटलीच्या पियाजिओचा परवाना घेऊन व्हेस्पा बनवायची. तो करार 1971 मध्ये संपला आणि 1972 मध्ये आली 'चेतक', महाराणा प्रतापांच्या घोड्याच्या नावाची. लोक नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचे. त्यामुळे घरात गाडी एक आणि ती शिकायला टपलेले चार जण!

चेतकचा गिअर डाव्या मुठीत होता. क्लच दाबायचा आणि दाबलेल्या क्लचसकट अख्खी मूठ फिरवायची. स्वतःकडे फिरवली की पहिला, मग न्यूट्रल, मग खाली खाली जात दुसरा, तिसरा, चौथा. मुठीपासून गिअरबॉक्सपर्यंत दोन वायरी जायच्या. त्या सैल पडल्या की मुठीवर दोनचा आकडा आणि गाडी मात्र न्यूट्रलमध्ये नुसतीच गुरगुरतेय, असा प्रकार.

आमचे बाबा शिकवताना एकच सांगायचे, "क्लच सोड, पण सोडू नकोस." ऐकायला कोडं, पण त्यात सगळं आलं. क्लचच्या प्लेटा इंजिनाला चाकाशी जोडतात. एकदम सोडलात तर फिरणारं इंजिन थांबलेल्या चाकाला भिडतं. गचका बसतो आणि गाडी बंद. मध्येच धरलात तर प्लेटा थोड्या घसरत घसरत एकमेकींचा वेग गाठतात. हाच 'हाफ क्लच'. बोटांना ती जागा एकदा सापडली, की गिअर हातात असो वा पायात, फार फरक पडत नाही.

मोटरसायकलचा गिअर पायात. पण कुठल्या पायात? बुलेटचा उजव्या, कारण ती ब्रिटिश सवय, ब्रेक डावीकडे. म्हैसूरला बनणाऱ्या येझदीचा डाव्या, आणि तिचा गिअरचा दांडाच फिरवला की किक व्हायची! जपानी गाड्याही डाव्या पायाच्या. 1970 च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेने गिअर डावीकडे हवा असा नियम केला आणि जगभरच्या कंपन्या तिकडे वळल्या. बुलेट मात्र पुढे कित्येक वर्षं अडून बसली. त्यामुळे बुलेटवाले काका जपानी गाडीवर बसले, की ब्रेक समजून गिअर दाबायचे.

आता मला खरं जे सांगायचंय ते. पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकने 1972 मध्ये 'लुना' आणली. पायडलवाली, 50 सीसीची, गिअरच नाही. मग 1984 मध्ये 'कायनेटिक होंडा'. आत दोन पुली आणि एक पट्टा. वेग वाढला की पुलीच्या चकत्या आपोआप जवळ येतात आणि गिअर बदलल्याचं काम होतं. स्टार्टला बटण.

साडीची अडचण चेतकलाही नव्हती बरं का, पाय ठेवायला पुढे सपाट जागा होतीच. अडचण होती ती किकची आणि "तुला गिअर नाही जमणार" या वाक्याची. माझ्या आत्याला घरातली चेतक कुणी शिकवलीच नाही. तिने कायनेटिक होंडा घेतली आणि कुणाला न विचारता कात्रजला जाऊन आली. आजोबा म्हणाले, "ही काय गाडी आहे?" आत्या म्हणाली, "बाबा, पोचले ना मी?"

गिअर मर्दानी वगैरे असतो, हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. पण सरकारने तो भेद कागदावर ठेवलाय. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात गिअरची आणि बिनगिअरची मोटरसायकल हे दोन वेगळे वर्ग आहेत. बिनगिअरच्या लायसन्सवर मित्राची पल्सर चालवलीत, तर कायद्याच्या नजरेत तुम्ही विनालायसन्स. अपघात झाला तर विम्याचंही त्रांगडं. म्हणून माझ्या भाचीला मी सांगितलं, रोज ॲक्टिव्हाच चालव, पण परीक्षा गिअरची दे.

पल्सर 2001 ची. तिच्यामुळे पोरं पायाच्या गिअरवर गेली आणि 2009 च्या अखेरीस बजाजने स्कूटर बंद करायचं जाहीर केलं. राहुल बजाज यांना ते रुचलं नव्हतं, तसं ते उघड बोललेही. 2020 मध्ये चेतक परत आली, विजेवर. डाव्या हाताला क्लचच्या जागी आता ब्रेक.

तुमच्या पार्किंगमध्ये जुनी चेतक उभी असेल, तर तिचा गिअर पडतानाचा 'खट्' आवाज रेकॉर्ड करून पाठवा. पुढच्या एपिसोडला लावतो. भेटू!